एका पुत्राच्या दोन वंशावळी

ख्रिस्ती धर्मग्रंथाचा उत्तरार्ध, ज्याला नवा करार म्हणतात, तो उघडताच पहिल्या पानावर नावांची एक लांबलचक माळ लागते. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, अशा चालीने ती अब्राहामापासून निघून येशूपर्यंत येते. बहुतेक वाचक ही माळ ओलांडून पुढच्या कथेकडे वळतात आणि त्यात त्यांचा फारसा दोष नाही. परक्या कुळाची नावे वाचण्यात कोणाला गोडी वाटणार? परंतु जो वाचक ती नावे लक्षपूर्वक वाचतो आणि मत्तयाचे शुभवर्तमान संपवून, मधले मार्काचे ओलांडून, लूकच्या तिसऱ्या अध्यायापाशी येतो, तो तेथे थबकल्यावाचून राहत नाही. कारण तेथेही येशूची वंशावळ दिलेली आहे आणि ती पहिलीशी जुळत नाही.

हा विषय केवळ ख्रिस्ती बांधवांच्या जिव्हाळ्याचा आहे असे कोणी समजू नये. एकाच घटनेची दोन आदरणीय प्रमाणे जेव्हा दोन गोष्टी सांगतात, तेव्हा विवेकी माणसाने काय करावे, हा प्रश्न प्रत्येक परंपरेपुढे केव्हा ना केव्हा येतोच. ख्रिस्ती विद्वानांनी ह्या एका गाठीवर सतराशे वर्षांहून अधिक काळ बुद्धी खर्च केली आहे. त्यांनी काय काय केले आणि त्यातून आपल्याला काय शिकता येईल, हे आपण क्रमाने पाहू.

भेद कोठे आहे?

प्रथम वस्तुस्थिती नीट मांडून घेऊ. मत्तय वरून खाली येतो; लूक खालून वर जातो. मत्तयाची वंशावळ यहुदी लोकांचा मूळ पुरुष अब्राहाम ह्याच्यापासून सुरू होते; लूकची येशूपासून निघून अब्राहामालाही मागे टाकते आणि थेट आदामापर्यंत व त्याच्याही पलीकडे देवापर्यंत पोचते. मत्तयाच्या यादीत एकंदर ४१ नावे आहेत, तर लूकच्या प्रचलित पाठात येशूपासून आदामापर्यंत ७७. एवढ्यापुरता भेद असता तर काही बिघडले नसते. एकाने थोडक्यात सांगितले, दुसऱ्याने विस्ताराने, असे म्हणता आले असते. अब्राहामापासून दावीद राजापर्यंतची नावे, एखाददुसरा पाठभेद सोडल्यास, दोन्हीकडे सारखीच आहेत.

खरी अडचण दावीदाच्या पुढे सुरू होते. मत्तय दावीदाचा पुत्र शलमोन घेतो आणि यरुशलेमच्या सिंहासनावर बसलेल्या राजांची परंपरा सांगत जातो. लूक दावीदाचाच दुसरा पुत्र नाथान घेतो, आणि ज्यांच्यापैकी कोणीही राजा झाला नाही अशा माणसांची नावे सांगतो. दोन्ही शाखा शल्तीएल आणि जरूब्बाबेल ह्या दोन नावांपाशी एकदा भेटतात. जरूब्बाबेल हा इसवी सनापूर्वी ५२० च्या सुमारास, बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या यहुद्यांचा प्रांताधिकारी होता. परंतु तेथेही शल्तीएलचा बाप मत्तयाच्या मते यखन्या राजा, तर लूकच्या मते नेरी. पुढे शाखा पुन्हा फुटतात. मत्तय जरूब्बाबेलाचा पुत्र अबीहूद सांगतो, लूक रेशा सांगतो. आणि मौजेची गोष्ट ही की, जुन्या करारातील इतिहासाच्या ग्रंथात जरूब्बाबेलाच्या मुलांची जी नावे आहेत, त्यांत ही दोन्ही नाहीत. शेवटी मरीयेचा पती योसेफ ह्याचा बाप कोण, ह्या साध्या प्रश्नाला मत्तयाचे उत्तर याकोब असे आहे आणि लूकचे एली असे आहे.

संख्येचा भेदही लक्षात घेण्यासारखा आहे. दावीद ते येशू, दोघांनाही धरून, मत्तयाकडे २८ नावे आहेत आणि लूककडे ४३. दावीदाचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे १००० असा धरतात. तेव्हा मत्तयाप्रमाणे एका पिढीला सरासरी ३७ वर्षे पडतात, तर लूकप्रमाणे सुमारे २४. लूकचा आकडा व्यवहाराला अधिक जवळचा आहे, हे उघड आहे. मत्तयाच्या यादीत काही पिढ्या गळल्या असाव्यात असा संशय येथेच येतो, आणि तो खरा आहे हे पुढे दिसेल.

गाठ कापण्याचे दोन प्रयत्न

हा विरोध विरोधकांच्या दृष्टीतून सुटणे शक्यच नव्हते. रोमन सम्राट ज्यूलियन (राज्यकाल ३६१ ते ३६३) ह्याने ख्रिस्ती धर्मावर जो ग्रंथ लिहिला, त्यात ह्या विसंगतीवर बोट ठेवले. मानी पंथाचा प्रचारक फाउस्तुस ह्याने तर वंशावळींचा मेळ बसत नाही म्हणून आपण त्या मानीत नाही, असेच सांगितले. आणि त्याला उत्तर देण्यासाठी संत ऑगस्टिनला लेखणी उचलावी लागली.

परंतु विरोधकांपेक्षाही स्वकीयांनी केलेले उपाय अधिक उद्बोधक आहेत. दुसऱ्या शतकात तातिआन नावाच्या सिरियाकडील विद्वानाने चारही शुभवर्तमाने एकत्र गुंफून एकच सलग ग्रंथ तयार केला. त्यात वंशावळींचे काय केले? त्या दोन्ही गाळून टाकल्या. पाचव्या शतकात थिओडोरेट ह्या बिशपाला आपल्या अधिकारातील मंडळ्यांमध्ये ह्या ग्रंथाच्या दोनशेहून अधिक प्रती वापरात असलेल्या आढळल्या. त्याने त्या गोळा करून बाजूला ठेवल्या आणि त्यांच्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने दिली. त्याच्या तक्रारीचे एक कारण वंशावळी गाळल्या, हेच होते.

दुसरा उपाय एका अनामिक लेखनिकाचा. थिओडोर बेझा ह्या पंडिताने १५८१ साली केंब्रिज विद्यापीठाला दिलेली एक फार जुनी ग्रीक व लॅटिन पोथी आहे; ती इसवी सन ४०० च्या आसपासची समजतात. तिच्यात लूकच्या शुभवर्तमानात येशूपासून दावीदापर्यंत लूकची नावे नाहीतच! तेथे मत्तयाचीच नावे उलट क्रमाने लिहिली आहेत, आणि मत्तयाने गाळलेले राजेही त्यांत भरून काढले आहेत. एकाने दोन्ही साक्षीदार न्यायालयाबाहेर घालवले. दुसऱ्याने एका साक्षीदाराच्या तोंडी दुसऱ्याची साक्ष घातली. दोन्ही उपायांनी विरोध मिटतो, पण त्यासाठी पुरावाच नष्ट करावा लागतो. ख्रिस्ती मंडळीने समग्रपणे हे दोन्ही मार्ग नाकारले आणि दोन न जुळणाऱ्या वंशावळी जशाच्या तशा जपून ठेवल्या, ही गोष्ट तिच्या प्रामाणिकपणाची साक्ष म्हणून नोंदवून ठेवली पाहिजे.

यहुदी समाजात वंशावळीचे मोल

ह्या वादात एवढे अडकून पडण्याचे कारण काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर त्या समाजाच्या व्यवस्थेत आहे. जमिनीचा वाटा कुळावर ठरे, याजकपण कुळावर ठरे, आणि ज्या अभिषिक्त राजाची लोक वाट पाहत होते, तो दावीदाच्या कुळातच जन्मणार अशी त्यांची श्रद्धा होती. बाबेलहून परतलेल्या लोकांची जी नोंद एज्राच्या ग्रंथात आहे, तीत काही याजक घराण्यांना आपल्या वंशाची नोंद दाखवता आली नाही म्हणून याजकपणातून वगळल्याचे सांगितले आहे. आपल्याकडेही वतनाच्या वादात वादी-प्रतिवादी आपापली वंशावळ पंचांपुढे मांडीत, आणि एका नावाच्या फरकाने पिढ्यान्‌पिढ्यांची पाटीलकी किंवा कुलकर्ण हातचे जाई. तेव्हा वंशावळ हा त्या काळी शोभेचा अलंकार नव्हता, तो हक्काचा कागद होता.

दोन बापांचा पुत्र

आता जुळवणीचे मुख्य प्रयत्न पाहू. त्यांतला सर्वांत जुना आणि सर्वांत कुशल प्रयत्न ज्यूलिअस आफ्रिकानुस ह्याचा आहे. हा तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातील इतिहासकार. ओरिगेन ह्या मोठ्या पंडिताला पत्र लिहून सुसान्नेची कथा मूळ हिब्रू ग्रंथातली नसावी, अशी शंका घेण्याइतका तो चिकित्सक होता. वंशावळींविषयी त्याने अरिस्तीदेस नावाच्या गृहस्थाला पत्र लिहिले, आणि त्याचा मोठा भाग युसेबिअसने आपल्या चर्चच्या इतिहासात जतन करून ठेवला आहे.

आफ्रिकानुसचे म्हणणे असे. यहुदी शास्त्राप्रमाणे एखादा पुरुष निपुत्रिक मेला, तर त्याच्या भावाने त्या विधवेशी लग्न करावे आणि पहिला मुलगा मृताच्या नावाने लावावा, म्हणजे त्याचे नाव इस्राएलातून पुसले जाणार नाही. हा नियम जुन्या करारातील अनुवाद ह्या ग्रंथात आहे. आता शलमोनाच्या शाखेतील मत्तान ह्याने एस्था नावाच्या स्त्रीशी लग्न केले आणि तिला याकोब झाला. मत्तान वारल्यावर नाथानाच्या शाखेतील मल्खी ह्याने तिच्याशी लग्न केले आणि तिला एली झाला. म्हणजे याकोब आणि एली हे एका आईचे, पण दोन बापांचे भाऊ. पुढे एली निपुत्रिक वारला, याकोबाने त्याच्या विधवेशी लग्न केले आणि योसेफ जन्मला. तेव्हा योसेफ रक्ताने याकोबाचा आणि शास्त्राने एलीचा. मत्तयाने रक्ताचा बाप सांगितला, लूकने शास्त्राचा, दोघेही खरे.

महाभारत ज्यांच्या कानांवरून गेले आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. विचित्रवीर्य निपुत्रिक वारला. सत्यवतीच्याच पोटी, पण पराशरापासून जन्मलेले व्यास हे त्याचे एका आईचे आणि वेगळ्या बापाचे भाऊ. त्यांच्यापासून धृतराष्ट्र आणि पांडू झाले, तरी ते कुरुकुलाचे आणि विचित्रवीर्याचेच गणले गेले. आपले धर्मशास्त्रकार अशा पुत्राला क्षेत्रज म्हणतात. फरक इतकाच की, नियोगात लग्न नाही, आणि यहुद्यांच्या रीतीत ते आहे. जर कोणी कौरव-पांडवांच्या दोन वंशावळी लिहिल्या, एक व्यासांकडून पराशराकडे जाणारी आणि दुसरी विचित्रवीर्याकडून शंतनूकडे जाणारी, तर त्या जुळणार नाहीत. तरीही त्यांपैकी एकही खोटी ठरणार नाही.

उपाय सुंदर आहे. तथापि सुंदर आहे म्हणून तो सिद्ध होत नाही. त्याच्यावर तीन आक्षेप येतात. पहिला, पुढे रब्बींनी जे नियम लिहून ठेवले त्यांत हे कर्तव्य एका बापाच्या भावांपुरतेच आहे, एका आईच्या भावांवर ते येत नाही. दुसरा, आज आपल्यापुढे जो लूकचा पाठ आहे त्यात एलीचा बाप मल्खी नाही. एली आणि मल्खी ह्यांच्यामध्ये मत्थात आणि लेवी अशी दोन नावे आहेत. आफ्रिकानुसच्या हातातील प्रतीत ती नसावीत. तिसरा आक्षेप आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. ह्या वंशावळींतच अशा विवाहांच्या जवळपासची दोन उदाहरणे आहेत. यहूदाची सून तामार विधवा झाली, आणि दिराशी होणारे लग्न टाळले गेल्यावर तिला सासऱ्यापासूनच पेरेस झाला. रूथ विधवा झाली, आणि मृताचे नाव राखण्यासाठी बवाज ह्या आप्ताने तिच्याशी लग्न केले. त्यांचा पुत्र ओबेद. आता दोन्ही शुभवर्तमानकार पेरेसाचा बाप यहूदाच सांगतात, आणि ओबेदाचा बाप बवाजच सांगतात. मृत पतींची नावे दोघांपैकी कोणीही लावीत नाही. तेव्हा जेथे परीक्षा करता येते तेथे तरी लूक शास्त्राचा बाप धरतो, असे दिसत नाही.

आफ्रिकानुसच्या पत्रात आणखी एक माहिती आहे. हेरोद राजाने आपल्या हीन कुळाची लाज वाटून सरकारी वंशनोंदी जाळल्या, आणि येशूच्या नातलगांनी आपली वंशावळ स्मरणातून व खाजगी टिपणांतून जपली, असे तो म्हणतो. परंतु पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार जोसेफस आपली स्वतःची वंशावळ सार्वजनिक नोंदींतून घेतल्याचे सांगतो. तेव्हा सर्वच नोंदी जळाल्या होत्या असे धरता येत नाही. मात्र आफ्रिकानुसच्या मोठेपणाची खूण शेवटी आहे. आपल्या स्पष्टीकरणाला साक्षीपुरावा नाही, पण ह्याहून चांगले स्पष्टीकरण हाती नाही, असे तो मोकळेपणाने लिहितो. असे म्हणणारा पंडित कोणत्याही शतकात दुर्मिळच.

मरीयेची वंशावळ?

दुसरा उपाय सामान्य वाचकांत फार लोकप्रिय आहे. मत्तयाने योसेफाचे कूळ दिले आणि लूकने मरीयेचे, असे त्याचे स्वरूप. एली हा योसेफाचा बाप नसून सासरा होता, असे त्यात धरतात. ह्या मताचा पाया व्याकरणात आहे. लूकच्या ग्रीक यादीत पुत्र हा शब्द पहिल्यांदा एकदाच येतो. पुढे केवळ षष्ठी चालते, म्हणजे आपण मराठीत 'योसेफ एलीचा, एली मत्थाताचा' असे म्हणू तसे. आता आपल्या 'चा' ह्या प्रत्ययाने पुत्रही दाखवता येतो, नातूही, आणि जावईही. शिवाय येशू हा लोकांच्या समजुतीने योसेफाचा पुत्र होता, असे लूकने आरंभीच बजावले आहे. तेवढे शब्द बाजूला काढून वाचले तर येशू थेट एलीचा, म्हणजे त्याच्या मुलीचा मुलगा ठरतो.

ह्या मताला जुन्या कराराचा आधारही देता येतो. सलाफहादाला मुलगे नव्हते, तेव्हा त्याच्या मुलींना वारसा मिळाला. फक्त त्यांनी आपल्या वंशातच लग्न करावे अशी अट पडली. शेशानाला मुलगे नव्हते, तेव्हा त्याने आपली मुलगी यरहा नावाच्या मिसरी दासाला दिली आणि वंश तिच्याकडून पुढे मोजला गेला. बर्जिल्लयाच्या मुलीशी लग्न करणाऱ्या एका याजकाने तर सासऱ्याचेच नाव लावले. घरजावयाची रीत आपल्याला काही नवी नाही.

असे असूनही हे मत ओढून आणलेले वाटते. लूकने त्या यादीत मरीयेचे नाव कोठेही घेतलेले नाही, आणि सत्याहत्तर वेळा एकाच अर्थाने वापरलेली षष्ठी पहिल्याच पायरीवर वेगळ्या अर्थाने घ्यावी, असे सुचवणारे तेथे काही नाही. शिवाय दुसऱ्या शतकातील एका ग्रंथापासून चालत आलेली परंपरा मरीयेच्या बापाचे नाव योआकीम सांगते. एली हे एल्याकीम ह्याचे लघुरूप आणि एल्याकीम व योआकीम एकच, असे म्हणून तीही अडचण काही जण दूर करतात. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हितेर्बोच्या आन्निउस ह्या इटालियन संन्याशाने ह्या मताचा पुरस्कार केला. हा गृहस्थ प्राचीन ग्रंथ म्हणून स्वतःच रचलेले लेख छापल्याबद्दल कुप्रसिद्ध आहे. वकील लबाड असला म्हणून अशील खोटा ठरत नाही हे खरे. पण पुरावा अधिक बारकाईने तपासावा लागतो.

सिंहासनाची याद आणि रक्ताची याद

तिसरा उपाय इंग्लंडमध्ये लॉर्ड आर्थर हर्व्ही ह्यांनी १८५३ साली विस्ताराने मांडला. मत्तयाची याद सिंहासनाच्या वारसांची आहे आणि लूकची प्रत्यक्ष जन्मदात्यांची, असे हे मत. ह्यात यखन्या राजाचे प्रकरण महत्त्वाचे आहे. यखन्याचा कोणीही वंशज दावीदाच्या गादीवर बसणार नाही, असे यिर्मया संदेष्ट्याने सांगितले होते. इसवी सनापूर्वी ५९७ साली तो बाबेलला कैद होऊन गेला. त्याची राजशाखा खुंटली तेव्हा नाथानाच्या शाखेतील शल्तीएल, म्हणजे नेरीचा पुत्र, दत्तकासारखा वारस ठरला. म्हणून मत्तय त्याला यखन्याचा म्हणतो आणि लूक नेरीचा. योसेफाच्या बाबतीतही असेच घडले असावे: याकोबाला मुलगा नव्हता, म्हणून त्याच्या भावाचा मुलगा योसेफ वारस झाला.

दत्तकाची परंपरा ज्या समाजाने कालपरवापर्यंत राजवाड्यांत पाहिली, त्याला ही कल्पना सहज पटेल. फक्त एक अडचण आहे. बाबेलच्या उत्खननात सापडलेल्या आणि १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या मातीच्या विटांवर कैदेतील ह्या यहुदी राजाला मिळणाऱ्या शिध्याची नोंद आहे, आणि तीत त्याच्या पाच पुत्रांचाही उल्लेख आहे. यखन्या निःसंतान नव्हता. तेव्हा संदेष्ट्याचे बोलणे गादीपुरते घ्यावे लागते, आणि दत्तकाची गरज त्यातून सिद्ध होत नाही.

यादी करणाऱ्यांचा हेतू

ह्या तिन्ही उपायांत एक गोष्ट समान आहे. दोन्ही यादी नोंदवहीतून उतरून काढल्या, असे ते गृहीत धरतात. एकोणिसाव्या व विसाव्या शतकातील चिकित्सक अभ्यासकांनी हे गृहीतच तपासायला घेतले. रेमंड ब्राउन ह्या कॅथलिक पंडितांनी १९७७ साली येशूच्या जन्मकथांवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात वंशावळींचा अर्थ प्रथम त्यांच्या रचनेत शोधावा असा आग्रह आहे. तसा शोध घेतला तर काय दिसते?

मत्तय स्वतःच सांगतो की, अब्राहाम ते दावीद चौदा पिढ्या, दावीद ते बंदिवास चौदा, आणि बंदिवास ते ख्रिस्त चौदा. हा आकडा साधण्यासाठी योराम आणि उज्जीया ह्यांच्यामधील अहज्या, योवाश व अमस्या हे तीन राजे त्याने वगळले आहेत. उज्जीया हा योरामचा खापरपणतू. मत्तय त्याला पुत्राच्या जागी बसवतो. योशीया आणि यखन्या ह्यांच्यामधील यहोयाकीमही नाही. एवढे करून तिसऱ्या गटात मोजून तेराच नवी नावे भरतात. मग चौदाचा हट्ट कशासाठी? हिब्रू भाषेत अक्षरांनाच अंकांचे मूल्य असते, आणि दावीद ह्या नावातील तीन अक्षरांची बेरीज चार, सहा आणि चार अशी चौदा होते. म्हणजे वंशावळीच्या आकड्यातूनही मत्तय दावीदाचेच नाव उच्चारतो आहे, असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. त्याला सांगायचे आहे ते एवढेच: हा राजा आहे.

लूकचा रोख निराळा. तो वंशावळ आरंभी देत नाही. येशूच्या बाप्तिस्म्यानंतर, स्वर्गातून त्याला पुत्र म्हणून हाक आल्यावर लगेच देतो, आणि ती आदामाच्या पलीकडे देवापर्यंत नेतो. यहुदी नसलेल्या वाचकांसाठी लिहिणाऱ्या ह्या लेखकाला येशू एका कुळाचा नसून सर्व मानवजातीचा आहे, हे दाखवायचे आहे.

मत्तयानेही सगळे दार बंद केलेले नाही. पुरुषांच्या त्या यादीत त्याने मरीयेखेरीज चार स्त्रिया आणल्या आहेत, आणि त्या सारा किंवा रिबका ह्यांसारख्या वंदनीय कुलमाता नाहीत. सासऱ्यापासून पुत्र मिळवणारी तामार, यरीहोची वेश्या राहाब, मवाबी रूथ, आणि उरीयाची बायको, जिचे नावही तो घेत नाही, नवऱ्याचेच घेतो, जणू दावीदाच्या पापाची आठवण राहावी. कुळाची थोरवी सांगायला बसलेला माणूस असली नावे झाकून ठेवतो. हा ती मुद्दाम उघड करतो.

शिवाय एक मूलभूत गोष्ट दोघांनाही मान्य आहे. दोघांच्याही कथेप्रमाणे येशू योसेफाच्या रक्ताचा नाही, आणि तरीही दोघे योसेफाचीच वंशावळ देतात. मत्तयाच्या कथेत मुलाचे नाव ठेवण्याची आज्ञा योसेफाला होते. नाव ठेवणे म्हणजे मुलाला आपला म्हणून पदरात घेणे. तेव्हा रक्ताहून स्वीकाराला श्रेष्ठ मानणारी दृष्टी ह्या वंशावळींच्या शेवटच्या दुव्यातच आहे. ऑगस्टिननेही दत्तकाच्या कल्पनेवरच आपले उत्तर उभारले होते.

आपल्या घरची साक्ष

ह्या विवेचनाने कोणाला आश्चर्य वाटत असेल, तर त्याने रामाची वंशावळ आठवावी. कालिदासाच्या रघुवंशामुळे दिलीप, रघु, अज, दशरथ हा क्रम आपल्या जिभेवर बसला आहे. वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात मात्र अजाचा बाप नाभाग आहे, आणि रघु त्याच्या कितीतरी पिढ्या मागे आहे. पुराणांतील सूर्यवंशाच्या यादी रामायणातील यादीपेक्षा पुष्कळच लांब आहेत. म्हणून कोणी रामकथा टाकून दिली नाही, आणि शहाण्या माणसाने त्यांतली एक याद खोडून दुसरी चिकटवलीही नाही.

मानववंशशास्त्राने ह्याला आणखी एक दाखला पुरवला आहे. नायजेरियातील तिव लोकांच्या वंशावळींवर लॉरा बोहॅनन ह्यांनी १९५२ साली लिहिले. इंग्रज अधिकाऱ्यांनी पूर्वी लिहून घेतलेल्या वंशावळी आणि पुढच्या पिढीतील लोक सांगत त्या वंशावळी जुळत नसत. आणि लोक शपथेवर सांगत की, कागदच चुकला आहे. त्यांच्यात लबाडी नव्हती. आज कोण कोणाचा भाऊबंद आहे, कोणी कोणाला साहाय्य करायचे, हे सांगण्यासाठी वंशावळ असते. ते संबंध बदलले की तीही हळूच बदलते. वंशावळ भूतकाळाच्या भाषेत वर्तमानाविषयी बोलते.

मग मेळ बसला की नाही? आमच्या मते ह्या प्रश्नाचे दोन भाग करावेत. योसेफाच्या बापाचे नाव काय, ह्या प्रश्नापुरते बोलायचे तर आफ्रिकानुसचा, मरीयेच्या कुळाचा किंवा सिंहासनाचा उपाय शक्य कोटीतला आहे, सिद्ध कोटीतला नाही. शक्य आणि सिद्ध ह्यांतील अंतर ज्याला कळत नाही, त्याच्या हातून श्रद्धेचेही नुकसान होते आणि विद्येचेही. दुसरा भाग असा की, हे दोन लेखक आपल्याला काय सांगू पाहत होते. त्या बाबतीत दोघांत विरोध नाही. एक म्हणतो, ज्याची वाट पाहत होता तो तुमच्याच घरात जन्मला. दुसरा म्हणतो, तो सर्वांच्या घरचा आहे. ज्यांनी ह्या दोन वंशावळी एकाच ग्रंथात शेजारी शेजारी ठेवल्या, त्यांना त्यांतला भेद दिसला नसेल असे मानणे कठीण आहे. दिसूनही त्यांनी खोडाखोड केली नाही. परस्परविरोधी दिसणारी दोन प्रमाणे हाती आली की एकाला खोटे ठरवण्याची किंवा दोघांना दामटून एक करण्याची घाई आपल्याला होते. ती आवरून, प्रत्येकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत पुरते ऐकून घ्यावे, हा धडा कोणत्याही धर्माच्या आणि कोणत्याही पक्षाच्या माणसाने ह्या रुक्ष नावांच्या माळेतून घेण्यासारखा आहे.